स्वतः उतरून बघणारी कोरल

"हवा किती ठेवलीय?"

कोरल नॉस्केचा पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिसऱ्या टेकडीच्या चढावर अर्धी चाकं वाळूत घालून बसलेला माणूस म्हणतो, "अठरा." सगळे अठराच म्हणतात. वाळूवर चाकांत हवा कमी हवी म्हणून शहरातल्या दुकानात त्यांना कुणीतरी तो आकडा सांगितलेला असतो, आणि ते तो देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. कोरल "बरं" म्हणते, खिशातून हवा मोजायचं गेज काढते, वाळूत गुडघा टेकते आणि व्हॉल्व्हचं टोपण फिरवायला लागते.

"अहो बाई, सांगितलं ना अठरा!"

"ऐकलं मी."

गेज अठ्ठावीस दाखवतं. कोरल ते त्या माणसाच्या नाकासमोर धरते. मग विचारते, "आणि मागच्या कारव्हॅनची?" इथे मात्र सगळे मागे वळून बघतात. गाडीची हवा थोडीफार तरी सोडलेली असते, पण मागे बांधलेल्या तीन टनांच्या घरालाही चाकं आहेत हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याच्या चाकांत डांबरी रस्त्यावरची टणटणीत हवा, आणि गाडी बिचारी ते धूड वाळूतून नांगरासारखं ओढतेय. बायको आत बसून नवऱ्याकडे बघत नाही. नवरा म्हणतो, वाळूच खराब आहे.

वाळू खराब! सॉल्टर्स बेची वाळू होती तशीच आहे. कोरलच्या फाटकाशी डांबर संपतं, पुढे नऊ किलोमीटर टेकड्या, आणि मग समुद्र. ईस्टरपासून सॅमन मासा किनाऱ्याला लागला की लोक काठीवर केशरी झेंडे लावून, गळ घेऊन, कारव्हॅन ओढत येतात. त्यांतले निम्मे रुततात. रुतले की रेडिओवर ओरडतात, आणि कोरल ट्रॅक्टर काढते. पैसे घेत नाही. आमच्याकडे ओढून काढणाऱ्याला बिअरचा खोका द्यायची रीत आहे. कोरल पीत नाही, म्हणून ते खोके आग विझवणाऱ्या मंडळींच्या शेडमध्ये जातात. त्या शेडमध्ये तिच्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही.

बाहेर मात्र बोलतात. तिला मागे "गेज" म्हणतात. डल्सीच्या दुकानात ती दुधाच्या पुड्यावरची तारीख वाचते, मग पुडा हुंगते, मग डल्सीच्या तोंडाकडे बघते. पाद्रीबुवांनी प्रार्थना नऊला म्हणून सांगितलं, तरी शनिवारी फोन करून विचारते, नऊलाच ना? दवाखान्यात गेली तर आधी डॉक्टरच्या वजनकाट्यावर साखरेची पिशवी ठेवून बघते. डल्सी एकदा वैतागून म्हणाली, "अगं कोरल, मी काय तुला विष घालणारेय?"

"तू नाही घालणार," कोरल म्हणाली. "पण दूध तुझ्याकडे येतं कुठून, ते तू बघितलंयस का?"



पण ही बाई आधी अशी नव्हती. चौसष्ट वर्षांतली बावन्न वर्षं ती भोळीभाबडी होती, इतकी की मासळीवाल्याने कालचा मासा आजचा म्हणून दिला तरी घेऊन यायची आणि नवरा हसायचा. नवरा लायल. उंच, डावखुरा, शिट्टी वाजवत चालणारा. एखादी गोष्ट बांधायची तर दोन वेढे घालायचा, मग ती काही का असेना. फाटकाच्या साखळीला दोन, कुत्र्याच्या दोरीला दोन, पावाच्या पिशवीच्या रबराला दोन. कोरल सकाळी घाईत फाटक उघडायला गेली की ते वेढे सोडवताना त्याला शिव्या घालायची.

आणि तिचा धाकटा भाऊ ब्रेंटन, म्हणजे ब्रेंट, अगदी उलटा. लहानपणी याने बांधलेली होडी कधी जागेवर सापडली नाही. बाप ओरडायचा, तरी हा दोरी नुसती खुंटीवर टाकून घरी. पण लायलचं आणि त्याचं गूळपीठ. रुतलेल्या गाड्या काढायला दोघं मिळून जायचे.

टेकड्यांवर एक रीत आहे, आणि ती शहरातल्यांना कळत नाही. सोबत्याने "लावलं, बघितलंय" म्हटलं की विषय संपला. मग मागे जाऊन त्याची कडी, त्याची गाठ आपण पुन्हा बघायची नाही. बघितली तर तो त्याचा अपमान. एवढ्याशा कारणावरून इथे माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत.

बारा वर्षांपूर्वी मार्चमध्ये लायल आपलीच गाडी आणि कारव्हॅन घेऊन तिसऱ्या टेकडीवर रुतला. ब्रेंट आपली गाडी पुढे लावून त्याला ओढणार होता. कोरल घरी रेडिओपाशी होती. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, कारव्हॅन अडकवायचा. तो ओझं वाहण्यासाठी असतो, हिसका सोसण्यासाठी नसतो. ओढायचा पट्टा त्या गोळ्यावर कधी टाकायचा नाही, चौकटीला ठोकलेल्या कडीतच घालायचा. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण कडी वाळूत गाडली गेलेली असते, ऊन असतं, घाई असते. म्हणून कोरलने सहज विचारलं होतं, "ब्रेंट, पट्टा कडीलाच आहे ना? बघितलंस?"

"बघितलंय," ब्रेंट म्हणाला. "तू चहा टाक."

तिने चहा टाकला.

पट्टा ब्रेंटच्या गाडीच्या गोळ्यावर होता. गोळा मानेतून तुटला आणि बंदुकीच्या गोळीसारखा मागे येऊन काच फोडून लायलला लागला. चहा दुसऱ्या दिवशी डल्सीने येऊन ओतून टाकला.

दफनाच्या दिवशी कोरल भावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू बघितलं नव्हतंस."

"नाही," ब्रेंट म्हणाला. तेवढंच. आठवड्याने तो पश्चिमेकडे खाणीत कामाला निघून गेला. दर नाताळला त्याचं पाकीट यायचं. टपाल डल्सीच्या दुकानातच येतं; कोरल ते न फोडता तिच्या काउंटरवर परत ठेवायची. चार वर्षांपूर्वी तो दारात आला होता. ती आत होती, केटली शिट्टी घालत होती, बाहेर त्याला ऐकू जात होतं. तिने दार उघडलं नाही. त्या बारा वर्षांत तिने कुणाचंही "बघितलंय" मानलं नाही, आणि त्या वाळूत पुन्हा कुणी मेलंही नाही. ती खवीस असेल, पण हेही खरं.

या एप्रिलमध्ये एके दिवशी साडेदहाला रेडिओ खरखरला.

"तिसरी टेकडी. पांढरी कारव्हॅन. रुतलीय. कुणी आहे का?"

कोरलच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. आवाज जाड झाला होता, पण रुतलीय म्हणताना शेवटी लटकणारा तो सूर तिच्या बापाचा होता. आता या जगात तो एकाच माणसाकडे उरला होता.

"कुणी आहे का?"

तिने टोस्ट खाली ठेवला. वाटलं, बसू दे उन्हात. मग वाटलं, हा इथे कशाला आला? आणि लगेच उत्तरही सापडलं. जमीन! बापाची खाडीकाठची चाळीस एकर, ज्यात खारवट झुडपांशिवाय काही उगवलं नाही. पण आता शहरातले लोक तिथे सुट्टीतली घरं बांधायची म्हणून विचारत होते. बारा वर्षांनी भाऊ बहिणीला भेटायला येतो होय? सहीचा कागद असणार खिशात. तरी तिने ट्रॅक्टर काढला. रुतलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा लायलचा नियम होता, आणि लायलचे नियम ती मोडत नसे. पिनच्या सुट्या कड्या, पट्टा, फावडं घेताना हात थरथरत होते. म्हातारपण, दुसरं काय, असं तिने स्वतःला सांगितलं.

टेकडीला वळसा घालून ती पुढच्या बाजूने आली. ब्रेंट गाडीच्या सावलीत उभा होता. दाढी पांढरी, गाल आत गेलेले, टोपी मात्र तीच मळकी. बत्तीसशे किलोची म्हणून विकतात तसली मोठी कारव्हॅन मागे होती. चाकांकडे एकदा बघून कोरलने मनात सामानाचे चारशे वाढवले.

"कशी आहेस?" तो म्हणाला.

"हवा किती?"

तो हसायच्या बेतात होता, पण थांबला. "सोळा."

ती खाली बसली. गाडीची चारही चाकं सोळा. अगदी सोळा. मग मागे गेली आणि कारव्हॅनच्या चाकाला गेज लावलं.

पंचेचाळीस.

तिने दुसरं बघितलं. तेही पंचेचाळीस. तिने मान वर करून भावाकडे बघितलं. तो समुद्राकडे बघत होता.

"विसरलास?"

"विसरलो."

"तू?" कोरल म्हणाली. "आपल्या बापाने तुला नाक शिंकरायच्या आधी हवा सोडायला शिकवलं, आणि तू विसरलास?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग ती आणखी बघायला लागली. आता तिला कोण थांबवणार! टपावरच्या प्लॅस्टिकच्या फळ्या, ज्या चाकाखाली सरकवायच्या असतात, त्या पट्ट्यांत जशाच्या तशा. फावड्याला वाळूचा कण नाही. रुतलेला माणूस घाबरून गॅस देतो, चाकं फिरवतो, स्वतःच स्वतःला खड्ड्यात घालतो. इथे पुढची चाकं गुळगुळीत वाळूवर नीट उभी होती.

"तू रुतला नाहीस," ती म्हणाली. "तू मुद्दाम चढाच्या मध्यावर येऊन थांबलायस."

"थांबलो होतो," ब्रेंट म्हणाला. "मग तू दहा मिनिटं बोलली नाहीस, म्हणून वाटलं जाऊ दे, मागे घ्यावी. मागे घेताना कारव्हॅन आडवी झाली. आता मागची खरंच रुतलीय."

"गाढवा!"

"हो."

"कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"जमिनीचा. सही घ्यायला आला असशील."

ब्रेंटचं तोंड लाल झालं. "ती जमीन तू उशाला घेऊन झोप! मीठ पिकतं तिथे. मी त्या मिठासाठी अडीच हजार किलोमीटर आलो?"

"मग कशासाठी आलास?"

"दारात आलो तर दार उघडत नाहीस. पत्र टाकलं तर परत. रुतलेल्याला मात्र तू नाही म्हणत नाहीस, हे खाणीतल्या लोकांनाही माहितेय. म्हणून आलो रुतायला. मला तुला एक गोष्ट सांगायचीय, ती ऐक. मग हाकलून दे, पुन्हा येणार नाही."

ऐकली तर काय होईल, ते तिला कळत नव्हतं. बारा वर्षं एका रागावर टेकून ती उभी होती. तोच राग आता समोर टोपी हातात घेऊन उभा होता, आणि फार म्हातारा दिसत होता.

"आधी काढू," ती म्हणाली. "ऊन चढलं की वाळू आणखी सैल होईल. मग काय ते बोल, आणि नीघ."

दोघांनी कारव्हॅनच्या चाकांची हवा वीसवर आणली. फुस्स आवाज करत हवा जात राहिली. ब्रेंटने चाकांपुढची वाळू उपसली, फळ्या सरकवल्या. तो काम विसरला नव्हता, हे कोरलने बघितलं आणि तिला त्याचाही राग आला. तिने पट्ट्याचं एक टोक ट्रॅक्टरच्या मागे सुट्या कडीत घातलं, तिची आट्यांची पिन फिरवली, दुसरं टोक वाळूत त्याच्याकडे टाकलं आणि वर जाऊन बसली. मागे वळून तिला बघायचं नव्हतं. भाऊ गाडीपुढे वाकून पट्टा लावतोय, हे बघणं तिच्याने होणार नव्हतं.

"लावलं," मागून आवाज आला.

आणि तिच्या तोंडून, नको असताना, तेच शब्द निघाले. "बघितलंस?"

उत्तर आलं नाही. ट्रॅक्टर धकधक करत राहिला. तिने मागे बघितलं. ब्रेंट पट्ट्यापाशी तसाच उभा होता.

"उतर," तो म्हणाला. "तू बघ."

"तुला विचारलं ना मी! हो म्हण की."

"नाही म्हणणार. उतर खाली."

"ब्रेंट, मला उन्हात उभं करू नकोस—"

"त्या दिवशी लायलनेच लावला होता पट्टा," ब्रेंट म्हणाला. "माझ्या गाडीमागे तो स्वतः आला, वाकला, आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, लावलं, बघितलंय. मी उठलो नाही. लायलच्या मागे जाऊन बघायचं? लायलच्या? तू रेडिओवर विचारलंस, आणि त्याने मला जे सांगितलं तेच मी तुला सांगितलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कोरल. मी तेवढंच केलं."

कोरलने ट्रॅक्टर बंद केला.

"सोयीचं आहे," ती म्हणाली. "मेलेला माणूस येऊन नाही म्हणणार आहे थोडाच."

"नाही म्हणणार. म्हणून तर बारा वर्षं बोललो नाही."

ब्रेंटने शपथ घेतली नाही, हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही. एवढंसं जरी केलं असतं तरी कोरलने त्याला खोटा ठरवलं असतं. तो नुसता उभा राहिला. आणि कोरलला पोलीस चौकीतली ती प्लॅस्टिकची पिशवी आठवली. चौकशी संपल्यावर तिला दाखवली होती, सही घेण्यासाठी. आत पट्टा होता, आणि पट्ट्याच्या टोकाला अजून तो तुटका गोळा. तिने एकदाच बघून मान फिरवली होती. पण बघितलं होतं. पट्ट्याचे गोळ्याला दोन वेढे होते. दोन, एकावर एक, डावीकडून आवळलेले. आणि होडी नीट न बांधणारा हा माणूस उभ्या जन्मात कशाला दोन वेढे घालेल!

बारा वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. सगळ्या जगाची टोपणं उघडून बघणाऱ्या बाईने तेवढं एक बघितलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस, तू बघितलं नव्हतंस. नव्हतंच बघितलं. त्यात खोटं काय होतं?" ब्रेंटने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "आणि त्याला पुरून अर्धा तास झाला नव्हता. तू त्याच्यावर चिडलेली मला बघवली नसती. म्हटलं, माझ्यावर चिडू दे. तेव्हा वाटलं, वर्षभर चिडशील. आता मी साठीला आलो. मला झेपत नाही गं, खरं सांगतो."

कोरल खाली उतरली. समुद्राकडे तोंड करून तिने एक शिवी हासडली, लायलला, पूर्ण नावानिशी. "दोन वेढे!" ती ओरडली. "दोन वेढे घालून बांधलंस आणि नको तिथे बांधलंस! आणि वर सांगितलंस बघितलंय म्हणून! मला चहा टाकायला लावलास!" लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला रोज शिव्या घालत आली होती. मेल्यापासून मात्र एकही घातली नव्हती. आता बारा वर्षांच्या सगळ्या एकदम घातल्या, आणि मग वाळूत बसून रडली. ब्रेंट जवळ आला नाही. बाजूला उभा राहून वाट बघत राहिला.

नाक पुसून ती उठली. गाडीपुढे गेली, गुडघा टेकला, वाळू हाताने बाजूला केली. पट्टा कडीत होता. पिन पूर्ण फिरवलेली, आणि अडकू नये म्हणून पाव फेरा मागे घेतलेली. बापाने शिकवली होती तशी. तिने पिन ओढून बघितली, हलवून बघितली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

ट्रॅक्टरकडे चार पावलं गेली आणि थांबली. पुढचं वाक्य बारा वर्षांत तिने कुणालाच म्हटलं नव्हतं.

"माझ्या बाजूचं तू बघ."

ब्रेंट ट्रॅक्टरमागे जाऊन वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. कोरल जवळ गेली. कडीची पिन दोन आट्यांवर लोंबत होती. तिने स्वतः फिरवली होती, त्या थरथरत्या हातांनी, आणि पूर्ण फिरवली असं समजून वर जाऊन बसली होती. ट्रॅक्टरने पहिला हिसका दिला असता तर पिन सुटून लोखंडी कडी पट्ट्याबरोबर मागे गेली असती, काचेवर, ब्रेंटच्या तोंडावर.

तिने मडगार्ड धरलं.

ब्रेंटने पिन आत फिरवली, घट्ट केली, पाव फेरा मागे घेतली.

"बोल काहीतरी," कोरल म्हणाली. "बोल ना. मी आख्ख्या गावाला बोलते."

"काय बोलू? लावलंय आता." त्याने हात पँटला पुसले. "बघितलंय मी."

तो जाऊन आपल्या गाडीत बसला, सीटबेल्ट लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कोरल ट्रॅक्टरवर चढली. गिअरवर हात ठेवला. मग पुन्हा खाली उतरली, मागे गेली, आणि त्याने लावलेली पिन स्वतःच्या हाताने ओढून बघितली.

ब्रेंट काचेतून बघत होता. त्याला अजिबात वाईट वाटलं नाही.